‘डबक्यात बसून समुद्र मोजू नका’ म्हणणाऱ्या वाचकांना

लक्षद्वीपच्या छोट्या होड्या आणि कुप्याच्या (टुनाच्या) साठ्याचं, म्हणजे समुद्रात तो किती उरला आहे याचं, मोजमाप यावर मी मागे लिहिलं होतं. म्हणणं साधं होतं. छोट्या मच्छीमाराजवळ यंत्रं नसली, तरी किनाऱ्यावर उतरलेल्या माशांची लांबी वर्षानुवर्षं नेमाने मोजत गेलं की साठा खालावतो आहे का, याची चाहूल लागते. त्यावर कोकणातल्या एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. गळाला ठरावीक मापाचेच मासे लागतात, कुपा महासागरभर फिरतो म्हणून एका बेटावरच्या मापाला अर्थ नाही, कुपा गळाला यावा म्हणून वापरतात त्या जिवंत छोट्या मासळीचा, म्हणजे आमिषाचा, मुद्दा लेखातून सुटला, असं बरंच आहे त्यात. पण पहिलंच वाक्य असं: “भंडाऱ्याच्या डबक्यात बसून समुद्र मोजू नका.”

साहेब, तुमची एक चूक-दुरुस्ती आधी मान्य करतो. मी ‘तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत’ असं लिहिलं. कुप्याची लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत घेतात. लेखात दुरुस्त केलं आहे, आभार.

आता डबक्याबद्दल. आमच्याकडे पावसाचं पाणी चार दिवस साचतं आणि मग चिखल होतो, ते डबकं. पाळ घालून धानासाठी पाणी अडवलं की ती बोडी, आणि त्याहून मोठा तो तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मालगुजारी तलाव कोहळी समाजाने बांधले आणि त्यातल्या मासळीवर आम्ही ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे, पिढ्यानपिढ्या जगलो. यातल्या कशालाही डबकं म्हणण्याआधी एकदा पाळीवर येऊन उभे राहा.

माझा आजा डोंग्यातून जाळं टाकायचा. मरळ हाती आली की टोपलीत टाकायच्या आधी अंगठा आणि करंगळी ताणून वितीने मापायचा, तोंडापासून शेपटीपर्यंत. दोन विती भरली नाही तर परत पाण्यात. मी सात-आठ वर्षांचा असेन, तेव्हाचं हे मला डोळ्यासमोर दिसतं. पुढे माझ्या बापाच्या वेळी टोपली तेवढीच भरायची, पण दोन वितींची मरळ क्वचित दिसायची. बाजारात कोणी कुरकुर केली नाही, कारण वजन तेवढंच होतं. मासे घटले हे गावाला फार उशिरा कळलं, पण वीत ते आधीच सांगत होती. मी लेखात जे लिहिलं ते पुस्तकातून उचललं असं तुम्हाला वाटलं. ते आधी माझ्या घरातून आलं, पुस्तक नंतर वाचलं.

आणखी एक गोष्ट तलावानेच शिकवली. मे महिन्यात पाणी आटतं, उरलेले मासे खोल जागी गोळा होतात आणि एका जाळ्यात पावसाळ्यापेक्षा दुप्पट मासळी येते. परका माणूस म्हणेल, वा, तलावात मासे वाढले! मासे तितकेच असतात, फक्त दाटीने उभे असतात. समुद्रात कुप्याचं हेच होतं. वाहत आलेल्या ओंडक्याखाली, तरंगत्या तराफ्याखाली त्याचे थवे जमतात. साठा उतरत गेला तरी होडीमागची रोजची पकड बरीच वर्षं चांगली दिसू शकते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं असंच झालं. ट्रॉलरची पकड भरघोस येत राहिली आणि १९९२ मध्ये मासेमारी बंद करायची वेळ आली. म्हणून निव्वळ पकडीवर विसंबू नका, लांबीही बघा, असं मी लिहिलं. हे कळायला समुद्रकाठी जन्म घ्यावा लागत नाही.

तरी तुम्हाला समुद्राचाच दाखला हवा असेल तर ऐका. मी दोन वर्षं तुमच्याच कोकणातल्या एका बंदरावर मासे मोजायचं काम केलं आहे. पहाटे चारला होड्या लागायच्या. लाकडी फळीवर माशाचं तोंड आडव्या पट्टीला टेकवायचं, शेपटीची खाच जिथे येते तो आकडा ओरडायचा, सोबती वहीत लिहायचा. पेन चालत नसे, पानं ओली होत, म्हणून पेन्सिल. लिलाव सुरू झाला की मासा हाताला लागत नाही, त्यामुळे जे काय करायचं ते पंधरा-वीस मिनिटांत. पहिल्याच महिन्यात एक व्यापारी सगळ्यांसमोर म्हणाला, “घाटावरच्या माणसाला मासळीतलं काय कळतं?” तेव्हा पोटासाठी गप्प बसलो. तुमचं वाक्य वाचलं आणि तोच आवाज कानात आला. आता गप्प बसायचं कारण उरलेलं नाही.

लांबीच का, असंही तुम्ही जरा तुच्छतेनेच विचारलं आहे. थंड समुद्रातल्या माशाच्या कानातल्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलयं उमटतात, ती मोजून वय काढता येतं. उष्ण पाण्यात ती नीट उमटत नाहीत. म्हणून तर मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिपिन्समध्ये काम करताना लांबीच्या आकड्यांवरून वाढ काढायची रीत मांडली. ती उष्ण पाण्यातल्या गरीब देशांच्या मासेमारीला उपयोगी पडावी अशीच होती. स्किपजॅक जातीचा कुपा साधारण ४० सेंटिमीटरच्या पुढे अंडी घालू लागतो. किनाऱ्यावर येणारे मासे वर्षागणिक त्याच्या आतच राहू लागले, तर काळजी करायची की नाही? एवढंच मी विचारलं होतं.

कुपा एका बेटाचा नसतो, हे माझ्याच लेखात आहे, शेवटपर्यंत वाचायला हवं होतं. सगळ्या देशांचे आकडे जमवून हिशोब करायला हिंदी महासागर टुना आयोग आहे, सेशेल्समध्ये. त्याच्याकडे नोंदल्या जाणाऱ्या टुना आणि तत्सम माशांच्या पकडीत जवळपास निम्मा वाटा छोट्या होड्यांचा, आणि सगळ्यात कच्चे आकडे त्यांचेच. फळी घेऊन पहाटे उभं राहणारं कोणी नसेल तर आयोग तरी हिशोब कशाचा करणार?

गळाला कोणत्या मापाचे मासे लागतात वगैरे मुद्दा जाणकारांना ठाऊकच असतो, त्यात मी शिरत नाही. जिवंत आमिषाच्या मासळीचा विषय वेगळा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

त्या दोन वर्षांच्या वह्यांच्या प्रती माझ्याकडे आहेत, मासळीचा वास अजून गेलेला नाही. तुमच्या बंदरावर कोणी अशी नोंद ठेवली असेल तर पाठवा, महिन्याला महिना लावून दोन्ही शेजारी ठेवू. तुमची पुढची प्रतिक्रियाही जशीच्या तशी छापेन, फक्त आमच्या तलावाला तलाव म्हणा.