आले बघा गोल्फवाले!

दर वर्षी आमचे साडू परदेशातून गोल्फ खेळून येतात आणि रविवारी सकाळी साताऱ्यात आमच्याकडे फोटो दाखवायला बसतात. पोहे गार होतात, फोटो संपत नाहीत. "दाजी, नदीचं खोरं बघा! मोठी झाडं, मऊ गवत, मधून पाणी. याला पार्कलँड म्हणतात. समुद्राकाठी वाळूत असतं ते लिंक्स, ते वेगळं." मागच्या वर्षीही वेगळंच होतं.

मग शिकवणी. अठरा होल, पिशवीत जास्तीत जास्त 14 काठ्या, आणि भोक जेमतेम सव्वाचार इंच. चेंडू हरवला की शोधायला तीन मिनिटं. 2019 च्या आधी पाच मिळायची. हे सगळं मला आता झोपेतही म्हणता येतं. सातव्या होलला चेंडू नदीत गेला, हे तर चार वेळा ऐकलं.

अहो, आपण राहतो ते काय वाळवंट आहे? गावाबाहेर माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम आहे. घाट आहे, जुनी देवळं आहेत, शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधीसुद्धा आहे. तीन वर्षं म्हणतोय, चला, दहा मिनिटांवर आहे. यांचं उत्तर ठरलेलं: "ऊन फार आहे हो."

तिकडे चार तास उन्हात चेंडूमागे चालता ते? टोपीचा पट्टा सोडून चेहरा पार रापलाय!

परवा पुन्हा फोन. "दाजी, नवीन व्हिडिओ आहेत, रविवारी येतो."