‘वजन नॉर्मल आहे ना, मग पोट फक्त हार्मोनमुळे’: त्या फॉरवर्डचं एकेक घेऊ

एक मेसेज सध्या सगळ्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय, त्याचं रीलही आलंय. म्हणणं थोडक्यात असं, की वजन उंचीच्या मानाने नॉर्मल असेल तर शुगर, फॅटी लिव्हरची चिंता करू नका, ते जाड्या लोकांचे आजार. हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढे असेल तर ती चरबी नाहीच, कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) आणि थायरॉइडने आलेली सूज आहे, मेनोपॉजनंतर बायकांचं पोट वजन न वाढता पुढे येतं तेही तसंच. तेव्हा हार्मोनचं पॅकेज करा, सकाळी दालचिनीचं पाणी प्या, रात्रीचं जेवण सोडा, हार्मोन बॅलन्स झाले की पोट आपोआप आत. खाली पॅकेजची लिंक, अर्थातच.

पहिलं वाक्य घ्या, ‘वजन नॉर्मल तर सगळं नॉर्मल’. पुण्यातले लोक हे फॉरवर्ड करतात तेव्हा मला खास हसू येतं, कारण हे खोटं ठरवणारं मोठं काम रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलात झालंय. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन, दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय सेम, २२.३. बॉडी फॅट युडकिनांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२. बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग, बस, त्या गणिताला आतलं मटेरियल स्नायूचं आहे की चरबीचं ते कळायला काही मार्गच नाही.

आणि हे ऑफिसात बसून वडापाव खाल्ल्यामुळेच होतं असंही नाही. याच टीमने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ च्या आसपास. आपली बाळं लांबीला कमी, दंडाला बारीक, पोटाला लहान, पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली कातडी चिमटीत धरून जाडी मोजली तर तिथली चरबी जवळपास तेवढीच! नंतर पुण्यातल्या बाळांची लंडनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा नाळेच्या रक्तात इन्सुलिनही (रक्तातली साखर आत घ्यायला सांगणारं हार्मोन) जास्त निघालं. म्हणजे जन्मतःच वजनाला हलकी आणि चरबीला भारी, म्हणून तर ‘थिन-फॅट इंडियन’ हे नाव पडलं.

बरं, हा फक्त आपला प्रॉब्लेम आहे असंही नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलच्या लोकांनी २०१० मध्ये नॉर्मल बीएमआयच्या सहा हजारांवर अमेरिकनांचा डेटा तपासला, पुरुषांत २३.१ आणि बायकांत ३३.३ टक्क्यांच्या वर फॅट असलेल्यांत मेटाबॉलिक सिंड्रोम (पोट, शुगर, बीपी, रक्तातली चरबी यांचा एकत्र बिघाड) सगळ्यात कमी फॅटवाल्यांच्या जवळजवळ चौपट होता. आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरच्या सर्व्हेत, जो २०२३ ला आला, बीएमआयने लठ्ठ ठरणारे २८.६ टक्के पण पोटाने लठ्ठ ठरणारे ३९.५ टक्के. मधली ही सगळी माणसं वजनकाट्यावरून ‘ऑल ओके’ म्हणत उतरतात.

इथे हमखास कोणीतरी म्हणणार, माझी पँट कॉलेजपासून ३२ चीच आहे. अहो पण तुम्ही ती कुठे घालता? पट्टा पोटाच्या खाली सरकलाय, त्यामुळे साइज तीच राहिली. टेप लावायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता (हे सगळ्यात अवघड). भारतीयांसाठी हद्द आहे पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०.

फॅटी लिव्हर जाड्यांनाच होतं, यावर फार वेळ घालवत नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या गावांत पाहणी झाली होती, २०१० साली छापून आली. फॅटी लिव्हर सापडलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांचा बीएमआय २५ च्या आत होता. गरीब, कष्टकरी माणसं. संपला विषय.

आता कॉर्टिसॉल. हे रीलवाल्यांचं लाडकं. कॉर्टिसॉल खरोखर जास्त झालं तर पोट सुटतं आणि हातपाय बारीक होतात हे खरंय, त्याला कुशिंग म्हणतात, पण त्यात चेहरा गोल होतो, पोटावर रुंद जांभळे पट्टे उठतात, जरा लागलं की काळंनिळं पडतं, खुर्चीवरून उठायला मांड्यांत जोर राहत नाही. आणि बहुतेक केसेसमध्ये कारण बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड असतं, दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या गोळ्या नाहीतर कुठल्या तरी बाबाची पुडी. पॅकेजमध्ये सकाळी आठला एकदा रक्त काढून जे कॉर्टिसॉल मोजतात त्यावरून हे ठरतच नाही, कारण ते सकाळी सगळ्यांचंच जास्त असतं, रात्री उतरतं. डॉक्टरला खरा संशय आला तर रात्रीची लाळ, चोवीस तासांची लघवी किंवा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी देऊन टेस्ट करतात. थायरॉइडचंही तसंच, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, रिपोर्टमध्ये हेच असतं) किंचित वर असल्याने ढेरी येत नाही, आणि थायरॉइड खूपच कमी झालं तरी जे थोडेफार किलो वाढतात त्यात बरंचसं पाणी आणि मीठ असतं.

पण मेसेजची खरी गफलत ही, की त्यात हार्मोन आधी बिघडतात आणि मग चरबी येते असं एकेरी चित्र आहे. बऱ्याचदा गाडी उलटी धावते. चरबी स्वतःच हार्मोन बनवते, भूक आवरणारं लेप्टिन तिथूनच येतं (१९९४ ला सापडलं), चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, त्यामुळे सेम वजनाच्या दोघांत जास्त चरबीवाल्याचं लेप्टिन जास्त. अॅडिपोनेक्टिन नावाचं दुसरं आहे, ते इन्सुलिनचं काम सोपं करतं, ते मात्र पोटातली चरबी वाढली की कमी होतं. कातडीखालची जागा म्हणजे घरातला माळा धरा, तो लहान असेल तर जास्तीचं सामान जिन्यात आणि हॉलमध्ये येतं, तशी चरबी लिव्हरमध्ये, स्नायूत, आतड्यांभोवती जाते आणि तिथे इन्सुलिनचं कोणी ऐकेनासं होतं. याचा सगळ्यात जबरी पुरावा लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मिळ आजारात मिळतो, त्यात माणसाला कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच, दिसायला सडपातळ, आणि तरी भयंकर डायबेटिस, लिव्हर चरबीने भरलेलं. चरबी किती यापेक्षा ती कुठे हे जास्त महत्त्वाचं, ते असं.

मग इन्सुलिन पुरत नाही म्हणून स्वादुपिंड अजून सोडतं, आणि जास्तीचं इन्सुलिन इतर हार्मोनच्या मागे लागतं. मुलींमध्ये ते ओव्हरीला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं आणि लिव्हर जे प्रोटीन बनवून हे टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवतं ते कमी करतं. परिणाम: पाळी लांबते, हनुवटीवर केस. आणि अशी ५० किलोची मुलगी दवाखान्यात गेली की घरचे म्हणणार ‘हिला कसला पीसीओएस (हाच पाळी-ओव्हरीचा त्रास), काडी आहे’, शुगर तपासायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. पुरुषांत तेच प्रोटीन कमी झाल्याने टोटल टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं, लगेच जिमवाला भैया इंजेक्शन घेऊन हजर, आणि मुळात पोट आणि इन्सुलिन तिथेच.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे, मेनोपॉजची. इस्ट्रोजेन उतरलं की चरबी नितंब-मांड्यांवरून पोटाकडे सरकते, वजन तेवढंच राहून. पण म्हणून ती ‘सूज’ होत नाही, चरबीच ती, फक्त वाईट जागी.

राहिलं दालचिनीचं पाणी. प्या, चव बरी असते. रात्रीचं जेवण सोडायला मात्र माझा विरोध आहे, जेवणाच्या वेळेला नाही, उपाशी राहून वजन उतरवण्याच्या पद्धतीला. आधीच स्नायू कमी असलेला ५८ किलोचा माणूस उपाशी राहून ५४ चा झाला तर त्यात स्नायूही जातो, आणि खाल्लेली साखर इन्सुलिनच्या सांगण्यावरून आत घेणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक स्नायूच आहे. वर स्नायू काम करताना इन्सुलिनशिवायही साखर ओढतो. म्हणून अशा लोकांनी काट्यावरचा आकडा उतरवण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलावीत, बैठका, भिंतीला टेकून पुशअप काहीही, जेवणानंतर चालावं, आणि ताटात पोह्या-भातासोबत डाळ, उसळ, अंडं, दही, मासे यातलं काहीतरी नीट असावं.

तपासायचंच असेल तर उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर, ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), बीपी, आणि डॉक्टरला वाटलं तर लिव्हरची सोनोग्राफी. हे गल्लीतल्या लॅबमध्ये होतं. घरच्या स्मार्ट काट्याचं फॅट पाणी प्यायल्यावर बदलतं, त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. आणि आई-वडलांना डायबेटिस असेल तर वजन ४८ आहे की ८४ हे न बघता शुगर करून घ्या, याच महिन्यात.