‘शंभरातले पाचच टिकतात’: एका फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर ए.ए.बद्दल (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू इच्छिणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट) पुन्हा पुन्हा येणारा मजकूर थोडक्यात असा: ‘दारू सोडायला मनाचा निर्धार पुरे, उद्यापासून थेंबही नको. ए.ए.च्या मीटिंगला जाणाऱ्या शंभरातले पाचच टिकतात. तिथे पैसे काढतात, ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावतात, औषधं बंद करायला सांगतात आणि गावभर बोभाटा होतो तो वेगळाच.’

यातलं सगळ्यात घातक वाक्य पहिलं. रोज भरपूर पिणाऱ्याने घरी बसून एकदम दारू थांबवली, तर 6 ते 24 तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, आपण कुठे आहोत हे उमगत नाही. उपचार मिळाले नाहीत तर यात जीवही जातो, मग निर्धार कितीही पक्का असो. आधी कधी फिट आली असेल किंवा असा भ्रम झाला असेल, तर दारू रुग्णालयातच थांबवावी. तिथे काही दिवस शामक औषध टप्प्याटप्प्याने कमी करत देतात आणि बी-1 जीवनसत्त्व देतात. ‘अशक्तपणा आहे’ एवढंच सांगून ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. पिणं किती हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण बी-1 आधी किंवा सोबत द्यावं लागतं. दारू थांबवणं हे दवाखान्याचं काम. ती थांबलेली राहावी यासाठी मीटिंग.

आता ते ‘पाच टक्के’. हा आकडा अमेरिकेतल्या ए.ए.च्या सभासद-पाहण्यांवरच्या 1990 च्या एका अहवालातून आला. पहिल्या वर्षात असलेल्या लोकांपैकी कितीजण कितव्या महिन्यात आहेत, एवढंच त्या आलेखात होतं. पहिल्या महिन्यात 19 टक्के, बाराव्यात 5. कोणीच गळलं नसतं तरी प्रत्येक महिन्याच्या वाट्याला साधारण 8 टक्केच आले असते, 100 नव्हे! म्हणजे तुलना करायची ती 19 शी: साधारण चौथा हिस्सा वर्षभर येत राहिला. तेही येण्याचं मोजमाप; येणं थांबवलेला प्रत्येकजण पुन्हा प्यायला लागला, असं त्यातून निघत नाही.

परिणाम पाहायचा तर 2020 चा कॉक्रेन आढावा पाहावा; कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. त्यात 27 अभ्यास आणि 10,565 माणसं आहेत. वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त असलेल्यांचं प्रमाण ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या (दारूपासून दूर राहण्यासाठी क्रमाने करायच्या गोष्टींच्या) मार्गदर्शनात 42 टक्के, तर इतर मान्य मानसोपचारांत 35 टक्के. फरक अफाट नाही, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी कमीही नाही. मात्र त्या अभ्यासांत समुपदेशक रुग्णाला मीटिंगशी जोडून देत होते, पाठपुरावा करत होते. चिठ्ठीवर पत्ता लिहून देणं म्हणजे ते नव्हे. पहिल्या दिवशी कोणीतरी बरोबर जावं.

पैशांचं फार बोलायला नको. फी नाही, वर्गणी नाही. शेवटी पिशवी फिरते, सभासद भाडं आणि चहापुरतं टाकतात; नवख्याने काही टाकायची गरज नाही. मीटिंगमध्ये भेटलेल्या कोणी वैयक्तिक उसने मागितले तर खुशाल नाही म्हणा.

धर्माच्या आक्षेपात मात्र थोडं तथ्य आहे. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनला ए.ए. सुरू झाली ती एका ख्रिस्ती चळवळीच्या प्रभावातून, आणि पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे. पण शब्द आहेत ‘आम्हाला जसा उमजला तसा ईश्वर’. चर्चच्या खोलीत मीटिंग भरते, कारण खोली स्वस्तात मिळते. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलं तरी चालतं. नास्तिकाला ही भाषा खटकेल. त्याने दोन-तीन वेगळे ग्रुप पाहावेत.

औषधं बंद करायला ए.ए. सांगत नाही. एखादा जुना सभासद सांगतो, आणि तो चुकतो. गोळ्यांबद्दल डॉक्टरांचंच ऐकावं. आणि घरच्यांनी डायसल्फिरामची गोळी (दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून देतात ती) जेवणात लपवून कधीही देऊ नये. वर दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं.

बोभाट्याचं म्हणाल, तर हजेरीपट नसतो आणि आडनावही विचारत नाहीत. पण गुप्तता हा सभासदांनी पाळायचा शब्द आहे, कायद्याचं कवच नाही. म्हणून पहिल्याच दिवशी नोकरीतलं किंवा कोर्टातलं प्रकरण सगळ्यांपुढे उलगडू नका. छोट्या गावात संकोच वाटला तर शेजारच्या तालुक्याचा ग्रुप किंवा ऑनलाइन मीटिंग गाठा.

ठिकाण ए.ए. इंडियाच्या वेबसाइटवर शोधता येतं, पण निघण्याआधी फोन कराच. शाळेच्या वर्गात भरणारी मीटिंग सुट्टीत किंवा मतदानाच्या दिवसांत दुसरीकडे हलू शकते. विचारायचं काय? भाषा कोणती, नेमकं कोणतं फाटक, आणि मीटिंग ‘ओपन’ की ‘क्लोज्ड’. ओपनला घरचे बरोबर बसू शकतात, क्लोज्ड फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी. दहा मिनिटं आधी पोचा. मीटिंग साधारण तास-दीड तासाची. बोलायची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ एवढं पुरे. निघताना दोघा-तिघांचे नंबर घ्या, कारण ओढ लागते ती मीटिंग नसलेल्या संध्याकाळी. स्पॉन्सर, म्हणजे नवख्याला वाट दाखवणारा जुना सभासद, बाईसाठी बाई, पुरुषासाठी पुरुष. एका मीटिंगवरून मत बनवू नका, सहा तरी करा. जवळपास काहीच नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

आणि पिणारा यायला तयारच नसेल, तर घरच्यांनी त्याच्यासाठी थांबायचं कारण नाही. अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंग कुटुंबीयांसाठीच असतात, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. तिथे जायला त्याची परवानगी लागत नाही.