‘परकं रक्त’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. दात्याचे शुक्राणू घेऊन झालेलं मूल म्हणजे ‘परकं रक्त’, उद्या तो दाता हक्क सांगत दारात येईल, एकाच दात्याची शेकडो मुलं आपसांत लग्नं करतील, आणि हे सगळं ‘नपुंसक’ नवऱ्यांची झाकपाक आहे. खाली सल्ला: केलंच, तर मुलाला कधी कळू देऊ नका. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर तो आला. हेच उपचार घेणारं एक जोडपं त्या ग्रुपमध्ये आहे. म्हणून लिहितेय.

आधी ‘नपुंसक’. शंभरातल्या साधारण एका पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू सापडतच नाहीत. कधी दोष जन्मजात असतो, कधी नळी बंद असते, कधी वयात आल्यावर झालेला गालगुंड किंवा कॅन्सरचे उपचार नडतात. असा पुरुष शरीरसंबंधाला असमर्थ असतो असं मुळीच नाही. बाईला ‘वांझ’ म्हणायला आपली जीभ कचरत नाही. पुरुषाच्या या अवस्थेला मात्र रोजच्या बोलण्यात शब्दच नाही, म्हणून भलताच शब्द चिकटवतात. तो नको म्हणून कित्येक नवरे साधी वीर्यतपासणी टाळतात आणि बायकोची फाईल जाड होत जाते.

दाता दारात येईल? २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार दात्याचा मुलावर कोणताही पालकहक्क उरत नाही. मूल त्या जोडप्याचं जैविक अपत्यच मानलं जातं, वारसाहक्कासकट. हा कायदा येण्याआधीच्या एका प्रकरणात नवऱ्याचा दावा होता की स्त्रीबीज मेहुणीने दिलं, म्हणून जुळ्या मुलींची आई तीच. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे तो फेटाळला आणि पत्नीला मुलींना भेटण्याची मुभा दिली.

शेकडो भावंडांची भीती हवेतली नाही, हे मान्य करते. नेदरलँड्समध्ये ५५० हून अधिक मुलांचा जनक ठरलेल्या दात्याला २०२३ मध्ये हेगच्या न्यायालयाने थांबवलं. आपल्याकडे मात्र आता एका दात्याचा नमुना एकाच जोडप्याला देता येतो, दात्याचा आधार क्रमांक शुक्राणू बँकेकडे नोंदवला जातो, आणि एचआयव्ही, कावीळ बी व सी, सिफिलिस यांच्या तपासण्या सक्तीच्या आहेत.

‘परकं रक्त’ याबद्दल काय बोलायचं? बडोद्याचे सयाजीराव आणि कोल्हापूरचे शाहू महाराज, दोघेही दत्तक.

सगळ्यात घातक आहे तो शेवटचा सल्ला, कारण तो मायेने दिला जातो. केंब्रिज विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ सुझन गोलोम्बोक यांच्या गटाने दात्यांच्या किंवा सरोगसीच्या मदतीने झालेल्या मुलांचा वीस वर्षं मागोवा घेतला. विसाव्या वर्षी त्यांचं मानसिक आरोग्य इतर मुलांसारखंच होतं, आणि जिथे सातव्या वर्षाआधी सांगितलं होतं, तिथे घरातली नाती अधिक चांगली दिसली. घरबसल्या डीएनए तपासणीच्या काळात गुपित टिकेल याचा भरवसाही नाही. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतरच्या दात्यांची ओळख मुलाला अठराव्या वर्षी मागता येते. आपल्या कायद्यात असा हक्क लिहिलेला नाही, आणि ती उणीव मला खुपते. आईबापांना सांगायला मात्र कुठल्या कायद्याची आडकाठी नाही. तीन-चार वर्षांच्या पोराला एवढं पुरतं: ‘आम्हाला तू हवा होतास, आणि एका काकांनी त्यासाठी मदत केली.’