पंधराशेचा प्रीॲम्प पंधरा हजारांत कसा सुधारावा

तर तुम्ही टर्नटेबल घेतलात, त्याला पंधराशेचा फोनो प्रीॲम्प (सुईकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणारी डबी) लावलात आणि तो चक्क नीट वाजतोय. इथेच चुकलं तुमचं. वाजतंय म्हणून गप्प बसणारी माणसं गाणी ऐकतात हो, आपल्याला आवाज ऐकायचाय.

आधी डबी उघडा. आत सिग्नल वाढवणारा आठ पायांचा आयसी, म्हणजे चिप, असेल, बहुतेक ४५५८ नाहीतर ५५३२ नंबरचा. आता ८० च्या दशकात स्टुडिओतल्या मिक्सरमध्ये हाच ५५३२ रांगेने बसवलेला असायचा, म्हणजे त्या काळातल्या एलपीवरचं गाणं खोबणीत उतरायच्या आधीच त्यातून दहादा गाळून आलेलं असू शकतं, पण आपल्या घरी तो चालणार नाही, तो 'कोरडा' वाजतो. उपटा. साठ वॅटचा सोल्डरिंग आयर्न घ्या आणि पाय सुटेपर्यंत दाबून धरा, पायाबरोबर बोर्डावरचा ट्रॅकही सुटून आला की समजा जमलं.

मग मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाऊन चांगला महागडा, फास्ट आयसी आणा. दुकानदार म्हणेल, साहेब सप्लायच्या पायांजवळ पॉइंट वन मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाका, दोन रुपयाला आहे. नाही म्हणा, दोन रुपयाने कधी आवाज सुधारतो का! मग घरी त्या कंडेन्सरवाचून तो आयसी कुणाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःच गात बसेल आणि बोटाला चटका बसेल इतका तापेल. यालाच वॉर्म साउंड म्हणतात.

आता खरी गंमत. रेकॉर्ड कापताना बेस दाबतात, ट्रेबल चढवतात, आणि प्रीॲम्पने नेमकं उलटं करायचं असतं, २० हर्ट्झला साधारण १९ डेसिबल वर आणि २० हजारला जवळपास तेवढंच खाली, असा आरआयएए या अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचा १९५४ पासूनचा हिशोब आहे. हा सगळा हिशोब चार-सहा फुटकळ कंडेन्सर-रेझिस्टरवर उभा असतो. ते काढा आणि अंगठ्याएवढे, सोनेरी अक्षरांचे, दहा टक्के टॉलरन्सवाले लावा. डावीकडचा तबला सर्दी झाल्यासारखा आणि उजवीकडचा पत्र्यावर वाजवल्यासारखा आला तर घाबरू नका, स्टिरिओ म्हणजे दोन्हीकडे वेगळंच ऐकू यायला हवं ना. झाकण अर्थातच लागणार नाही, रबरबँड लावा.

फरक कळत नसेल तर बर्न-इनला, म्हणजे नवे पार्ट नुसते वाजवत ठेवून 'मुरायला', २०० तास द्या. तेवढ्यात जुना आवाज कसा होता ते तुम्हीच विसरता, की झालाच फरक. आधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग करून शेजारी-शेजारी ऐकायचा नादानपणा मात्र करू नका.

राहता राहिली ती घरच्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण. सुई जिच्यात बसते त्या कार्ट्रिजमधून येतात जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट, ते शंभरपट वाढवायचे म्हटल्यावर गुणगुणही वाढणारच, त्यासाठी वेगळा लिनिअर पॉवर सप्लाय मागवा. टर्नटेबलच्या मागे अर्थची बारीक वायर स्क्रूतून सुटून लोंबकळतेय, तिकडे बघू नका. सुईवर धुळीचा बोळा बसलाय, तिकडे तर मुळीच नाही. आई चहा घेऊन येईल आणि म्हणेल, अरे ती सुई पुसलीस का एकदा? तिला म्हणा, आई, तुला नाही कळायचं यातलं, आणि पुढचं पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवा.