चूक बघणाऱ्याची की चित्राची?

चित्रांची सवय नसलेल्यांना चित्रातली खोली, म्हणजे काय जवळ नि काय लांब, ते दिसतच नाही, हे एका लेखातलं विधान फारच सरसकट वाटलं. आधार कशाचा, तर मानसशास्त्रज्ञ हडसन यांच्या १९६० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीचा. ते चित्र नीट बघा की! नुसत्या रेघा. भाला रोखलेला शिकारी, पलीकडे हरीण, मधे इवलासा (म्हणजे लांबचा) हत्ती. प्रश्न असा, की शिकाऱ्याला जवळचं कोण, नेम कोणावर? ‘हत्ती’ म्हटलं की खोली दिसली नाही असं धरायचं. छाया नाही, जमिनीचा पोत नाही. कागदावर भाल्याच्या टोकाजवळ हत्तीच आहे. तसं सांगणाऱ्याचं काय चुकलं?

इथिओपियातल्या मेएन लोकांवरचा १९७२ चा अभ्यास मात्र लेखात नाही. (तो खोलीबद्दल नाही, चित्र ओळखण्याबद्दल आहे, मान्य.) कागद हातात दिला तर त्यांनी तो हुंगला, चुरगाळला. कापडावर मोठे छापलेले प्राणी मात्र बहुतेकांनी ओळखले, जरा वेळ घेऊन का होईना.