हेल्मेट जरा झाका, फोटो काढायचाय

हातात गुलाब घेऊन मी स्कूटरशेजारी उभा आहे, असा एक फोटो परवापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. खाली ओळ आहे, 'विनाहेल्मेट वाहनचालकाचे गुलाबपुष्प देऊन प्रबोधन करताना विद्यार्थी'. तो वाहनचालक मी. वाहन पंक्चर होतं, मी ते ढकलत पंक्चरवाल्याकडे निघालो होतो आणि हेल्मेट पायाजवळच्या हुकाला लटकत होतं. फोटोत ते दिसत नाही. का दिसत नाही, तेच सांगायचंय.

जानेवारी म्हणजे रस्ता सुरक्षेचा महिना. पूर्वी सप्ताह असायचा. आठवड्याभरात आपण काही सुधारत नाही म्हटल्यावर मुदत वाढवून मिळाली असावी. चौकात एका शाळेची आर.एस.पी.ची मुलं उभी होती. आर.एस.पी. म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोल. शिट्टी, पट्टा, हाताचे इशारे. एरवी शाळा सुटताना हीच मुलं हात आडवे करून लहान वर्गांना रस्ता पार करून देतात आणि ते काम झकास करतात. त्या दिवशी मात्र त्यांच्यासमोर बादली होती आणि बादलीत गुलाब होते.

"काका, थांबा."

नववीतली असावी. दोन घट्ट वेण्या, गळ्यात शिट्टीची दोरी. मागे एक बारकेला मुलगा वही घेऊन.

"हेल्मेट का नाही घातलं?"

"अगं, पंक्चर आहे. ढकलत नेतोय."

"हो, पण हेल्मेट?"

"चालणाऱ्या माणसाला हेल्मेट कशाला?"

तिने विचार केला. मुलगी प्रामाणिक होती, हे मला मान्य करावंच लागेल. "पंक्चर व्हायच्या आधी घातलं होतं?"

"होतं की. हे काय."

ती खाली वाकली, हेल्मेट फिरवून मागची खूण पाहिली आणि वहीवाल्याला म्हणाली, "आयएसआय आहे." त्याने लिहून घेतलं. मला वाटलं, सुटलो.

"मग काढलं का?"

"घाम येतो गं ढकलताना."

"घाम आला म्हणून काढायचं नसतं, काका. आमच्या पथनाट्यात आहे हे." मग वहीवाल्याकडे वळून, "घाम कशात घालायचा?"

वहीत रकाने आखलेले होते. घाई, जवळच जायचंय, केस, विसरलो, इतर. दोघांची थोडी चर्चा झाली. मुलाचं म्हणणं 'इतर', तिचं म्हणणं घाम डोक्यालाच येतो तेव्हा 'केस'. मी 'केस'मध्ये गेलो. माझ्या डोक्याकडे एकदा पाहिलं असतं, तर हा निर्णय झाला नसता.

आता माझंही डोकं फिरलं. मी तिला मोटार वाहन कायद्याचं कलम 129 सांगितलं. त्यात दुचाकी चालवणारा आहे, मागे बसणारा आहे, पगडी बांधणाऱ्या शिखांना सूटसुद्धा आहे. ढकलणारा कुठेही नाही. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ओरडून विचारलं, "सर, ढकलणाऱ्यांचं काय करायचं?"

पलीकडून फोनवर बोलता बोलताच सरांचा हात हलला. "द्या, द्या. गुलाब द्या."

हे चालू असताना आमच्या शेजारून उघड्या डोक्यांची रीघ लागली होती. एका गाडीवर तिघं, एकाच्या कानाखांद्यात फोन दाबलेला, एका बाईंच्या पुढे उभं असलेलं पोर. पुण्यात हे काही नवं नाही. जानेवारी 2019 मध्ये हेल्मेटसक्तीच्या विरोधात लोकांनी डोक्यावर पुणेरी पगड्या चढवून मोर्चा काढला होता. पगडीचं ओझं चालतं, तक्रार फक्त हेल्मेटच्या ओझ्याची.

"त्यांना का नाही थांबवत?" मी विचारलं.

"ते थांबत नाहीत, काका."

"एकही?"

"मघाशी एकजण थांबला होता. त्याने पत्ता विचारला." मग जरा हळू आवाजात, "चालत्या गाडीसमोर जायचं नाही, असं सरांनी सांगितलंय. आणि गुलाब अकराच्या आत संपवायचेत."

म्हणजे पळता न येणारा त्या चौकात मी एकटाच होतो. मी आणि ही मुलं.

आमच्या वेळी स्काऊटमध्ये 'खरी कमाई' असायची. घरोघर जायचं, पडेल ते काम करायचं, मिळतील ते पैसे घ्यायचे आणि कार्डावर सही आणायची. शेजारच्या काकूंनी माझ्याकडून माळा झाडून घेतला, वर दोन जुन्या समया घासून घेतल्या आणि चार आणे दिले. चौथी पायरी चढेपर्यंत त्या 'नीट पुसलं का रे' म्हणून ओरडत होत्या. पण माळा झाडला गेला. समया लखलखल्या. त्याचा फोटो कोणी काढला नाही, कारण कॅमेरा काकूंच्या जावयाकडे होता आणि जावई दुबईला. आताच्या मुलांच्या वाट्याला झाडायला माळा येत नाही, मोठी माणसं येतात. गणपतीत निर्माल्याच्या कलशापाशी उभं राहायचं. निवडणूक आली की आईबाबांकडून मतदानाचं संकल्पपत्र भरून आणायचं. प्रभातफेरी, प्लास्टिकमुक्ती, हरित सेनेचं रोप. मत द्यायला अजून चार वर्षं आहेत त्यांनी मतदान शिकवायचं, लायसन्स नाही त्यांनी गाडी कशी चालवायची ते. ज्यांचं हे काम आहे, ते पगारी लोक कोपऱ्यावरच्या झाडाखाली सावलीत चहा पीत होते. रस्त्यावरचा खड्डा, ज्यात माझं चाक गेलं, तोही त्यांच्यापासून फार लांब नव्हता. त्याच्या शेजारी मात्र गुलाब घेऊन कोणी उभं नव्हतं.

मुलीच्या ओठांवर पापुद्रे आले होते. कधीपासून उभे आहात, विचारलं तर म्हणाली, "साडेसातपासून. पाहुणे यायचेत." पाण्याची बाटली रिकामी होती. पलीकडे पाणपोई आहे म्हणाली, पण जागा सोडायची नाही.

मग सर आले. घामाघूम, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात बॅनरची सुटलेली दोरी. जागा, तारीख, वेळ फोटोवर उमटायला हवी म्हणून ते अ‍ॅपमध्ये काहीतरी दाबत होते. अहवाल आजच अपलोड करायचा होता. "साहेब, जरा इकडे सरका. हां. गुलाब छातीशी. हसा." आणि मग थबकले. "ते हेल्मेट मध्ये येतंय हो."

"येऊ द्या की. माझंच आहे."

"नाही, पण अर्थच जातो ना फोटोचा." ते अगदी काकुळतीला आले. "साहेब, कालही पाठवला होता, परत आला. लाभार्थी स्पष्ट दिसत नाही म्हणून."

मला लाभार्थी म्हणतात, हे तेव्हा कळलं. मी काही बोलायच्या आत बॅनरचं टोक हेल्मेटवर अंथरलं गेलं. वहीवाला बॅनर धरून वाकला. त्यावर लिहिलं होतं, 'हेल्मेट हेच खरे सुरक्षाकवच'. एवढ्यात ती मुलगी पुढे झाली. "सर, पण त्यांच्याकडे आहे ना हेल्मेट. हे खोटं होईल." सरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "तू जरा डावीकडे हो. सावली पडतेय तुझी."

क्लिक.

ग्रुपवर त्या फोटोला अंगठे आलेत, हात जोडलेले आलेत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी, जे स्वतः हेल्मेट आरशाला अडकवून हिंडतात, 'मुलांकडून शिकण्यासारखे' असं लिहिलंय. कोणीतरी म्हटलंय, निदान हसायचं तरी. मी सगळा खुलासा टाइप केला. पंक्चर, हूक, बॅनर, आयएसआय, कलम 129. पाठवायला गेलो, तर टँकरच्या वर्गणीवरून भांडण पेटलं म्हणून अ‍ॅडमिनने ग्रुप बंद करून ठेवलाय. आता फक्त अ‍ॅडमिनच संदेश पाठवू शकतात. अ‍ॅडमिन म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे काका.